ट्रॅकवरचे ब्रेक आणि उष्णतेचा हिशेब

ट्रॅकवर गाडी न्यायची असे ठरले की बहुतेकांचे पैसे आधी इंजिनावर खर्च होतात, मग सायलेन्सरवर, आणि ब्रेकची आठवण येते ती कॅलिपरला, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या ब्रेकच्या जबड्याला, लाल रंग द्यायचा असतो तेव्हा. माझ्याकडे २०१५ सालची सुबारू बीआरझेड आहे. दोन लिटरचे इंजिन, दोनशे अश्वशक्ती, मागच्या चाकांना ताकद आणि साडेबाराशे किलोंच्या आसपास वजन, अशी ही साधी आणि प्रामाणिक गाडी आहे. तिच्या ब्रेकांवरचे सगळे काम मी मिशिगनमधल्या घराच्या गॅरेजमध्येच केले आहे. मात्र तिचे कॅलिपर आजही कारखान्यातून आलेले तेच आहेत. ते तसेच का ठेवले आणि त्यांच्याभोवतीचे काय काय बदलले, ते येथे सविस्तर लिहितो आहे.

आमच्या भागातून काही तासांच्या अंतरावर, ओहायो राज्यातल्या लेक्सिंग्टन गावाजवळ, मिड-ओहायो हा १९६२ सालापासूनचा ट्रॅक आहे. 'कीहोल' नावाच्या लांबलचक वळणातून बाहेर पडल्यावर मागची सरळ वाट लागते, आणि तिच्या शेवटी चौथे वळण येते, ज्याच्या बाहेरच्या अंगाला 'चायना बीच' म्हणून ओळखले जाणारे खडीचे मैदान आहे. माझ्यासारख्या गाडीचा वेग तिथे ताशी १८० किलोमीटरच्या घरात जातो आणि वळण घेण्यापूर्वी तो निम्म्यावर आणावा लागतो. चालक आणि पेट्रोल धरून गाडीचे वजन १,३५० किलो मानले, तर ताशी १८० वरून ९० वर येताना सुमारे पावणेतेरा लाख ज्यूल ऊर्जा गाडीतून काढून घ्यावी लागते, आणि ती बहुतेक सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जमा होते. एवढ्या ऊर्जेत नळाचे जवळजवळ चार लिटर पाणी उकळीपर्यंत येईल. हे सारे तीन सेकंदांच्या आत घडते, म्हणजे त्या क्षणी ब्रेक साधारण साडेचारशे किलोवॅट दराने काम करीत असतात, आणि पूर्ण जोर लावूनही त्याच गाडीच्या इंजिनाला दीडशे किलोवॅटच्या पुढे जाता येत नाही.

हिशेब आणखी एक पायरी पुढे नेला की खरी अडचण दिसू लागते. ब्रेक लावताना वजन पुढच्या चाकांवर येते, म्हणून या उष्णतेचा सुमारे सत्तर टक्के वाटा पुढच्या दोन डिस्क, म्हणजे चाकांबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकत्या, उचलतात. एका डिस्कचे लोखंड साडेसहा किलो धरले, तर एकाच ब्रेकिंगमध्ये तिचे तापमान सुमारे १४० अंशांनी चढते. पुढच्या वळणापर्यंत वाऱ्याने ती थोडी निवते, पण पूर्ण निवत नाही. तोवर पुन्हा ब्रेक लागतो. वीस-पंचवीस मिनिटांच्या सत्रात हे चढ-उतार एका पातळीवर स्थिरावतात, आणि ती पातळी किती आहे यावरच पुढचे सारे अवलंबून असते. गाडी एकदा थांबवण्याची ताकद कारखान्याच्या ब्रेकांत भरपूर असते. एबीएस, म्हणजे चाक जखडू न देणारी यंत्रणा, चालू होईपर्यंत जे ब्रेक चाकाला जखडू शकतात, ते टायरच्या पकडीची मर्यादा गाठतातच, आणि त्यापलीकडे जगातला कोणताही कॅलिपर थांबण्याचे अंतर कमी करू शकत नाही. ट्रॅकवर प्रश्न असतो तो तेच काम गरम अवस्थेत पुन्हा पुन्हा करण्याचा.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे नवे वाटू नये. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नका, खालच्या गिअरमध्ये उतरवा, असे फलक आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत, आणि कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर मालमोटारींचे जे भीषण अपघात होत आले, त्यांमागे हेच कारण पुन्हा पुन्हा सांगितले गेले आहे. इंजिनाचा रोध सोडून दिला की सगळी उष्णता ब्रेकवर येते आणि ब्रेक तापून निकामी होतात.

ब्रेक 'गेले' म्हणजे नेमके काय झाले, हे पायाला ओळखता आले पाहिजे, कारण त्याचे दोन निराळे प्रकार आहेत आणि दोन्हींचे उपायही निराळे आहेत. पहिल्या प्रकारात पेडल घट्ट राहते, पाय जोराने दाबला तरी ते खाली जात नाही, पण गाडी मात्र हवी तशी मंदावत नाही. अशा वेळी पॅड, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी घासणारे तुकडे, आपल्या तापमानाच्या मर्यादेबाहेर गेलेले असतात आणि त्यांचे घर्षण घटलेले असते. दुसऱ्या प्रकारात पेडल मऊ पडते, नेहमीपेक्षा खोल जाते आणि शेवटी तळाला टेकते. इथे कॅलिपरमधले ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते, त्यामुळे पायाची सारी मेहनत बुडबुडे दाबण्यात संपते. पहिल्या प्रकारात निदान आधी सूचना मिळते, कारण घर्षण फेरीगणिक थोडे थोडे कमी होत जाते. दुसऱ्या प्रकारात बहुधा तीही मिळत नाही. आधीच्या वळणाला व्यवस्थित लागलेला ब्रेक पुढच्या वळणाला तळाला जातो. म्हणूनच माझ्या यादीत ब्रेक ऑइल सगळ्यात वर आहे.

आपण त्याला ऑइल म्हणतो खरे, पण ते तेल नव्हे. रस्त्यावरच्या जवळजवळ सर्व गाड्यांत ग्लायकॉल जातीचा द्रव असतो आणि त्याचा स्वभाव हवेतले पाणी शोषून घेण्याचा आहे. हे पाणी सरळ उत्कलनबिंदूवर घाला घालते. डॉट ४ दर्जाच्या (डॉट हे ब्रेकच्या द्रवाचे अमेरिकी मानक) ताज्या द्रवाचा, म्हणजे कोरडा, उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पण त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की ओला उत्कलनबिंदू १५५ अंशांपर्यंत घसरलेला चालतो. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. शर्यतीसाठी बनवलेल्या द्रवांत मोट्यूलच्या आरबीएफ ६०० चा कोरडा बिंदू ३१२ आणि ओला २०५ अंश दिलेला असतो. कॅस्ट्रॉलचे एसआरएफ बरेच महाग आहे, पण त्याचा ओला बिंदू २७० अंशांच्या आसपास राहतो आणि त्याची किंमत याच आकड्यासाठी मोजायची असते. वर्षातून तीन-चारदाच ट्रॅकवर जाणाऱ्याला मी पहिले सुचवीन आणि ते हंगामात दोनदा बदलायला सांगेन. बाटली एकदा उघडली की उरलेला द्रव पुढच्या वर्षासाठी जपून ठेवण्यात अर्थ नाही. डॉट ५ आणि डॉट ५.१ यांत गोंधळ होऊ देऊ नये: ५.१ हा ग्लायकॉलचाच वरचा दर्जा आहे, तर ५ हा सिलिकोनचा द्रव आहे. तो बाकीच्यांत मिसळत नाही आणि एबीएस असलेल्या गाडीत त्याचे काही काम नाही.

पॅडच्या बाबतीत मात्र माझे मत ठरायला वेळ लागला, कारण इथे प्रत्येक जण आपापल्या ब्रँडची बाजू घेऊन बोलतो. प्रत्येक पॅडला कामाच्या तापमानाचा एक पट्टा असतो. रस्त्यावरचा पॅड थंडीत, सकाळी पहिल्याच दाबाला पकडला पाहिजे, आवाज करता कामा नये, चाके काळी करता कामा नयेत. या अटी पाळताना त्याची वरची मर्यादा खाली येते. शुद्ध ट्रॅकचा पॅड ऐन उष्णतेत उत्तम पकडतो, पण थंड असताना त्याची पकड कमी असते, तो किंचाळतो, डिस्क झिजवतो, आणि त्याची लोहमिश्रित धूळ ओली झाली की चाकांच्या रंगात गंजाचे ठिपके बसवते. मधल्या जातीत फेरोडोचा डीएस २५०० हा पॅड बराच लोकप्रिय आहे. त्याचे सरासरी घर्षण ०.४२ आणि कामाचा पट्टा ५०० अंशांपर्यंत असल्याचे कंपनी सांगते. मी सुरुवात त्याच्यापासून केली, आणि ट्रॅकवर जाऊन येऊन ऑफिसलाही त्याच गाडीने जाणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी असे मला आजही वाटते.

तिथून पुढे जायचे की नाही, हे मी अंदाजाने ठरवले नाही. डिस्कच्या कडेला लावायचे तापमानदर्शक रंग मिळतात. हिरवा रंग सुमारे ४३० अंशांना, नारिंगी ५६० ला आणि लाल ६१० ला आपला रंग सोडतो. तिन्हींचे छोटे पट्टे डिस्कच्या बाहेरच्या कडेवर लावायचे, सत्र संपवून परत यायचे आणि कोणते पालटले ते पाहायचे. रंग उष्णतेने एकदाच बदलतो, म्हणजे त्या सत्रात डिस्कने गाठलेले कमाल तापमान त्यावर उमटून राहते. माझ्या गाडीच्या मागच्या डिस्कवर फक्त हिरवा पालटला, पुढच्या डिस्कवर हिरवा आणि नारिंगी दोन्ही पालटले, आणि लाल दोन्हीकडे जसाच्या तसा राहिला. पुढचा पॅड त्याच्या सांगितलेल्या पट्ट्याबाहेर काम करीत होता, मागचा नव्हता, एवढे यातून स्पष्ट झाले. पुढे वरच्या पट्ट्याचा, ट्रॅकचा पॅड घेण्याचा निर्णय त्या नारिंगी पट्ट्याने केला. एखाद्या विक्रेत्याच्या शब्दाखातर मी तो घेतला नसता.

पुढे आणि मागे किती तीव्र पॅड घ्यायचे, याचाही तोल सांभाळावा लागतो. पुढचे पॅड मागच्यांपेक्षा जास्त पकडणारे असले तर गाडी थोडी अवजड वाटते, मागचे ब्रेक आळशी राहतात, पण गाडी सरळ राहते. उलट केले, म्हणजे मागे तीव्र आणि पुढे सौम्य पॅड बसवले, तर जोराने ब्रेक लावताच मागची बाजू पुढे यायला पाहते, आणि एबीएस असला तरी हा खेळ करू नये. एकाच उत्पादकाने पुढे-मागे वापरण्यासाठी सुचवलेली जोडी घेणे सगळ्यात शहाणपणाचे.

रबरी नळ्यांच्या जागी स्टीलच्या जाळीने विणलेल्या नळ्या मी बसवल्या आहेत, पण त्यांचे कौतुक वाजवीपेक्षा जास्त होते. आत टेफ्लॉनची नळी आणि बाहेर स्टीलची जाळी असल्याने दाबाखाली त्या कमी फुगतात, पेडल थोडे घट्ट आणि नेमके वाटते. थांबण्याचे अंतर त्यामुळे बदलत नाही. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आतून फुगलेल्या असतात, तिथे फरक अधिक जाणवेल. बसवायच्याच असतील तर नळी कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे (बॅन्जो बोल्ट) तांब्याचे वॉशर नवे वापरावेत, आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून, चाक वर-खाली करून नळी कुठे ताणली जात नाही ना, कशाला घासत नाही ना, हे पाहावे. ती जाळी करवतीसारखी वागते. जिथे टेकेल तिथे धातू खाते.

डिस्कबाबत मी सनातनी आहे. भोके पाडलेली डिस्क दिसायला छान, पण त्या भोकांपासून तडे निघतात, आणि उष्णता साठवायला लोखंड हवे असताना ते कमी करून घेण्यात मला तरी फायदा दिसत नाही. खाचांची डिस्क चालते. मी साधी, सपाट, चांगल्या ओतकामाची डिस्क वापरतो, पुढे कारखान्याच्याच मापाची, २९४ मिलिमीटर व्यासाची. ती खर्चाची वस्तू आहे असे मानायचे आणि झिजली की बदलायची. किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. पृष्ठभागावर केसासारख्या बारीक रेषा दिसल्या तर घाबरण्याचे कारण नाही. नख अडकेल अशी किंवा कडेपर्यंत पोचलेली चीर दिसली, तर ती डिस्क त्याच दिवशी भंगारात जाते.

आता मोठ्या ब्रेकचा प्रश्न. याच गाडीला २०१७ नंतरच्या काही प्रकारांत ब्रेम्बोचे चार पिस्टनचे कॅलिपर आणि ३२६ मिलिमीटरच्या डिस्क मिळू लागल्या, आणि ते सारे जुन्या गाडीला बसवता येते. त्याचा खरा फायदा जास्त लोखंडात, मोठ्या पॅडमध्ये आणि जास्त उष्णता झेलण्यात आहे. पण बाजारात मिळणारा कोणताही मोठा संच फक्त पुढे बसवताना पिस्टनचे एकूण क्षेत्रफळ किती हे विचारावे. ते वाढले की पेडलचा प्रवास वाढतो आणि ब्रेकचा तोल पुढे सरकतो. पुढची चाके लवकर मर्यादेला येतात, मागची रिकामी राहतात, आणि हजारो डॉलर खर्चून थांबण्याचे अंतर वाढवून घेतले असेही घडू शकते. माझ्या वेगाला, माझ्या टायरना आणि वीस-पंचवीस मिनिटांच्या सत्रांना कारखान्याचे दोन पिस्टनचे कॅलिपर पुरले आहेत. ज्याने इंजिनाला टर्बो बसवला आहे किंवा जो चिकट, बिनखाचांच्या स्लिक टायरवर धावतो, त्याचा हिशेब वेगळा निघेल, आणि त्याने तो करावा.

मोठ्या कॅलिपरआधी मी वारा बदलला. डिस्कच्या मागे कारखान्याने धूळ आणि पाणी अडवण्यासाठी पत्र्याची ताटली बसवलेली असते. तिच्या जागी तोंड असलेली ताटली बसवून, पुढच्या बंपरमधल्या फॉग दिव्याच्या जागेतून तीन इंची उष्णतारोधक नळी तिथवर आणली. यात एक बारकावा आहे जो बऱ्याच घरगुती कामांत सुटतो. आतून हवा खेळण्यासाठी पोकळ्या असलेली डिस्क फिरताना पंख्यासारखी मधून हवा ओढते आणि कडेने बाहेर फेकते. म्हणून नळीचे तोंड डिस्कच्या मध्यभागी, डोळ्यात सोडायचे. नुसते आतल्या पृष्ठभागावर हवा मारली तर एक बाजू थंड आणि दुसरी तापलेली राहते आणि डिस्क बशीसारखी वाकायला लागते. नळी बसवल्यानंतर पुन्हा रंग लावून पाहिले, तेव्हा पुढच्या डिस्कवरचा नारिंगी पट्टा अर्धवटच पालटला. स्टीलच्या नळ्यांपेक्षा या कामाने जास्त मिळवून दिले.

कॅलिपर, डिस्क आणि उष्णता यांच्या या नात्याला एक जुनी पार्श्वभूमी आहे. १९५३ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जग्वारच्या सी-टाइप गाड्या डनलॉपच्या डिस्क ब्रेकांसह उतरल्या आणि टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांनी ती शर्यत ताशी शंभर मैलांहून अधिक सरासरीने जिंकली. तिथे ही सरासरी तोवर कोणी गाठली नव्हती. जुन्या पद्धतीच्या ब्रेकच्या बंदिस्त ड्रममध्ये उष्णता कोंडते, उघड्या डिस्कवरून ती वाऱ्याबरोबर जाते, म्हणून रात्रभर प्रत्येक फेरीला ब्रेक तसेच लागत राहिले. त्याच जग्वारची मालकी २००८ पासून टाटांकडे आहे, हे जाता जाता.

आता प्रत्यक्ष काम. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे दक्षिणेकडच्या राज्यांतल्या व्हिडिओत दहा मिनिटांत सुटणारा बोल्ट इथे गंजाने धरलेला असतो. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. सकाळी चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत, मग जॅक लावावा, आणि चौकटीच्या ठरलेल्या जागी स्टँड दिल्याशिवाय हात आत घालू नये. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली जाणारा माणूस मला भेटला तर मी त्याच्याशी ब्रेकविषयी बोलणार नाही. डिस्क हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाला, गंजून चिकटली असेल तर हातोड्याने ठोकत बसण्याऐवजी तिच्या टोपीतली, म्हणजे मधल्या उंच भागातली, आटे पाडलेली दोन भोके शोधावीत. त्यांत आठ मिलिमीटरचे बोल्ट आलटून पालटून आवळत गेले की ती आपोआप पुढे येते.

नवी डिस्क बसवण्यापूर्वी हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने उघड्या धातूपर्यंत साफ करावा, आणि माझ्या मते घरच्या कामातला हा सर्वांत दुर्लक्षिलेला भाग आहे. हबवर उरलेला गंजाचा पातळ पापुद्रा डिस्कच्या कडेपर्यंत जाता जाता मोठा होतो आणि डिस्क फिरताना डगमगते. डायल गेज असेल तर नट आवळून, डिस्क फिरवून डगमग मोजावी. मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आत ती असली की पुढे जावे. पुढे काही हजार मैलांनंतर ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरते आणि लोक म्हणतात डिस्क 'वाकली', तेव्हा बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. डगमगीमुळे किंवा गरम पॅड एका जागी दाबून धरल्यामुळे पॅडचा थर तिच्यावर कमीजास्त बसलेला असतो.

कॅलिपर उतरवला की तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने स्प्रिंगला बांधावा. पिस्टन आत ढकलण्यापूर्वी वरच्या टाकीतला द्रव थोडा काढून घ्यावा, नाहीतर तो उतू जातो, आणि रंगावर सांडला तर रंग सोडवतो; सांडलाच तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. या गाडीत हातब्रेकसाठी मागच्या डिस्कच्या टोपीत वेगळा छोटा ड्रम आहे, म्हणून मागचे पिस्टनही सरळ ढकलता येतात, इतर काही गाड्यांसारखे फिरवून आत न्यावे लागत नाहीत. सरकत्या पिना काढून, पुसून, ब्रेकसाठीचे सिलिकोन ग्रीस लावावे. साधे पेट्रोलियम ग्रीस रबर फुगवते आणि पिन अडकते, मग एक पॅड झिजतो आणि समोरचा नवाच राहतो.

ब्रेकची हवा काढायला दोन माणसे लागतात. दाबाचा पंप घेतला तर एकालाही जमते, पण मला दोघांचीच पद्धत आवडते. पत्नी आत बसते, मी चाकाशी. "दाब." "दाबलंय." मग मी कॅलिपरवरचे हवा काढायचे निपल उघडतो, पारदर्शक नळीतून द्रव आणि बुडबुडे बाटलीत येतात, पेडल खाली जाते, मी निपल बंद करतो आणि मगच "सोड" म्हणतो. निपल बंद होण्याआधी पेडल सुटले तर बाहेरची हवा आत ओढली जाते. जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत नेऊ नये, खाली लाकडाचा ठोकळा ठेवावा, कारण मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडलच्या जोराने द्रव ढकलणाऱ्या नळकांड्याच्या, न वापरलेल्या भागातली घाण सीलला चिरते. वरची टाकी कधीही रिकामी होऊ देऊ नये. चाकांचा क्रम गाडीच्या दुरुस्तीपुस्तकात दिलेला असतो, तोच पाळावा. इंटरनेटवर 'सर्वांत लांबचे चाक आधी' असे सरसकट सांगतात, ते प्रत्येक गाडीला लागू नाही. शेवटी प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने पुस्तकातल्या आकड्याला आवळावा. माझ्या गाडीच्या चाकांच्या नटांना तो १२० न्यूटन-मीटर आहे. त्यानंतर गाडी जागची हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबावे, कारण मागे ढकललेले पिस्टन अजून पॅडपर्यंत आलेले नसतात.

नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना बसवावे लागतात. मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, ताशी शंभरच्या आसपास वेगावरून तीसपर्यंत जोराने पण एबीएस न लागू देता ब्रेक लावायचा, लगेच पुन्हा वेग घ्यायचा, असे आठ-दहा वेळा, मध्ये पूर्ण न थांबता. पॅडचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसतो, आणि पुढचे घर्षण बऱ्याच अंशी त्या थराशीच होते. मग ब्रेकला हात न लावता दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवून निववायचे. पॅडची जात बदलली की आधीचा थर नव्या पॅडशी जुळत नाही. म्हणून माझ्याकडे ट्रॅकच्या पॅडबरोबर त्यांच्याच डिस्कची जोडी वेगळी ठेवलेली आहे, आणि ट्रॅकवर जायच्या आदल्या संध्याकाळी पुढची जोडी पूर्ण बदलली जाते. सवय झाल्यावर हे काम जेवणाच्या आधी आटोपते.

भारतातल्या वाचकांसाठी दोन शब्द. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे आखूड आहे, तिथे वेग फार चढत नाही; ग्रेटर नोइडाच्या बुद्ध सर्किटवर मात्र किलोमीटरभर लांबीची सरळ वाट आहे आणि तिच्या शेवटी वर मांडलेला हिशेब मिड-ओहायोपेक्षाही कठोर होतो. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याने ब्रेक ऑइल वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर बदलावे, कारण दमट हवेत ते पाणी लवकर पिते. गाडी पोलो असो की आय-२०, ताजे डॉट ४ आणि बरे पॅड एवढ्यावर पहिला ट्रॅक-दिवस निर्धास्त होतो.

इकडे अमेरिकेतल्या बहुतेक क्लबांच्या तपासणीच्या अर्जात ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले आणि पॅड किती उरले आहेत हे विचारलेले असते. पॅड निम्म्यापेक्षा कमी उरला असेल तर मी तो ट्रॅकवर नेत नाही. पातळ पॅडमधून उष्णता पिस्टनकडे आणि तिथून द्रवाकडे लवकर पोचते. सत्राची शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता काढायची, कारण गाडी उभी राहिली की वारा थांबतो, डिस्कमधली उष्णता कॅलिपरमध्ये शिरते आणि फेरीत न उकळलेला द्रव पार्किंगमध्ये उकळू शकतो. उभी करताना हातब्रेक ओढायचा नाही. पहिला गिअर टाकायचा आणि चाकाला लाकडाचा ठोकळा लावायचा. घरी आल्यावर चाके काढून पॅडची जाडी, डिस्कच्या कडा आणि पिस्टनभोवतीची रबरी टोपणे पाहायची. ती करपून ठिसूळ झालेली दिसली तर कॅलिपर उघडून नवी बसवायची वेळ आली असे समजायचे. माझ्या पुढच्या डाव्या कॅलिपरची टोपणे त्या अवस्थेला पोचली आहेत, आणि त्यांचा संच मागवून ठेवला आहे.